मनगटावरचे माप

मराठी माणसाच्या जीवनात मापाला मानाचे स्थान आहे. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्याची मापे आज बहुतेक घरांत माळ्यावर जाऊन बसली असली तरी भाषेत ती अद्याप नांदत आहेत. नववधू उंबरठ्यावरचे माप ओलांडून घरात येते. पक्षपात करणाऱ्याने कुणाला तरी झुकते माप दिले असे आपण म्हणतो, आणि कुणाचा दोष त्याला स्पष्ट दाखवून दिला की त्याचे माप त्याच्या पदरात घातले असे म्हणतो. प्रभू येशूनेही औदार्याविषयी शिकवताना शिगोशीग भरलेल्या मापाचीच उपमा घेतली. ज्या समाजाचे पोट मापावर चालते त्याला खोट्या मापाची चीड येणे स्वाभाविक आहे. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तराजू, वजने आणि मापे खरी ठेवण्याची आज्ञा आहे. नीतिसूत्रांच्या कर्त्याला खोट्या तराजूचा तिटकारा आहे. आणि इसवी सनापूर्वी आठव्या शतकात आमोस संदेष्ट्याने माप लहान व दाम मोठा करणाऱ्या व्यापाऱ्यांना ज्या शब्दांत खडसावले, ते शब्द आजही वाचताना अंगावर येतात.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे एक नवे माप आमच्या भाविकांच्या मनगटावर येऊन बसले आहे. घड्याळासारखे दिसणारे, परंतु वेळेपेक्षा देहाची अधिक चौकशी करणारे हे यंत्र. कुणी त्याला स्मार्टवॉच म्हणतो, कुणी फिटनेस बँड, आणि आमच्याकडील वडीलधारी मंडळी नुसताच 'पट्टा' म्हणतात. पावले किती चालली, नाडी किती पडली, झोप किती लागली, रक्तात प्राणवायू किती, हे सारे तो सांगतो. निदान खोक्यावर तसे लिहिलेले असते. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या गणनेप्रमाणे २०२३ या एका वर्षात भारतात अंगावर वागवण्याची अशी तेरा कोटींहून अधिक उपकरणे दुकानांकडे रवाना झाली. त्यांत कानात घालण्याची यंत्रेही आली हे खरे. तथापि पट्ट्यांचा वाटाही लहान नाही.

आमचे मलकापूर म्हणजे बुलढाण्याचे नव्हे किंवा शाहूवाडीचेही नव्हे. कराडला खेटून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या अंगाने पसरलेले हे गाव. कृष्णा रुग्णालय आणि त्याचे वैद्यकीय महाविद्यालय येथेच असल्याने आजारपण, औषध आणि तपासणी हे शब्द आमच्या रस्त्यावर रोज कानी पडतात. सकाळी आगाशिवाच्या डोंगराकडे फिरायला जाणारी माणसे पूर्वी एकमेकांना नमस्कार करीत. आता नमस्कार करून लगेच मनगट पाहतात. यात हसण्यासारखे काही नाही. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ज्या घरांनी बोटाला चिमटा लावून चौऱ्याण्णवचा आकडा जिवाच्या आकांताने पाहिला, त्या घरांना आकड्याचा आधार वाटला तर त्यांना दोष कोणी द्यावा?

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षिकेची हकिकत येथे सांगणे आवश्यक वाटते. बाईंचे वय चौऱ्याहत्तर. यजमान वारलेले, एकुलता मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. एका पावसाळ्यात बाई मोरीत घसरून पडल्या आणि दूधवाला येईपर्यंत दोन तास तशाच पडून राहिल्या. हाड मोडले नाही ही देवाची कृपा. परंतु मुलाच्या मनाला जो धक्का बसायचा तो बसला. त्याने साडेचार हजार रुपयांचा एक पट्टा आणून आईच्या मनगटावर बांधला. खोक्यावर एका वृद्धेचे चित्र होते. ती पडते आहे, आणि दूर कुठेतरी तिच्या मुलाच्या फोनवर लाल दिवा पेटतो आहे. मुलाने तो पट्टा विकत घेतला असे म्हणण्यापेक्षा त्याने ते चित्र विकत घेतले असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

बाई आयुष्यभर परीक्षा घेत आलेल्या. मुलगा परत गेल्यावर त्यांनी पट्ट्याचीही परीक्षा घेतली. जमिनीवर दोन गाद्या एकावर एक टाकून त्या स्वतःहून तीन वेळा पडल्या. पुण्यातला फोन वाजला नाही. पट्ट्याने फक्त अकरा पावले मोजली. दुसऱ्या रविवारी मिस्सा संपल्यावर बाई खोके घेऊन आमच्याकडे आल्या. "फादर, अक्षर फार बारीक आहे. तुम्ही वाचा आणि मला सांगा, मी चुकते आहे की हे चुकते आहे?"

आम्ही भिंग आणले. चित्राखालच्या ओळीच्या टोकाला एक तारांकित खूण होती. त्या खुणेचा माग काढीत आम्ही खोके उलटे केले, तर तळाशी, पट्टीच्या रेघांच्या जाळीशेजारी, इंग्रजीत एक वाक्य सापडले. त्याचा अर्थ असा की, ही सोय काही ठरावीक देशांत, काही ठरावीक नमुन्यांवर आणि काही ठरावीक फोनांबरोबरच उपलब्ध आहे. कोणते देश आणि कोणते नमुने, ते खोक्यावर कुठेच नव्हते. आमच्या युवक मंडळातील एका मुलाने पट्ट्याचे सारे कप्पे उघडून पाहिले. त्या सोयीचे नावच आत नव्हते. ताऱ्याच्या मागे गेलेले ज्ञानी लोक बेथलेहेमास सत्यापाशी पोहोचले. या ताऱ्यामागे गेलेला गिऱ्हाईक खोक्याच्या बुडाशी पोहोचतो.

दुकानदार आमच्या ओळखीचा, सरळ माणूस. तो म्हणाला, "फादर, खोक्यावरचं कंपनीनं लिहिलंय. आम्ही फक्त विकतो. मलाही आत काय आहे ते तुमच्याइतकंच ठाऊक." कंपनीच्या मदतकेंद्राला तीन वेळा फोन केला. पहिल्याने सांगितले, ही सोय पुढील सुधारणेत येईल. दुसऱ्याने सांगितले, ती वरच्या किमतीच्या नमुन्यात आहे. तिसऱ्याने सांगितले, अशी सोय आम्ही कधी जाहीरच केलेली नाही. खोके तर आमच्या हातात होते.

या प्रकाराचा छडा लावण्याच्या हेतूने आम्ही थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की बाईंचे दुःख एकट्या मलकापूरचे नाही. जाहीर केलेली सोय प्रत्यक्षात न मिळण्याच्या अनेक तऱ्हा आहेत.

एक तऱ्हा उधारीची. यंत्र आज विकायचे आणि सोय उद्या द्यायची. गूगलचे पिक्सेल वॉच हे घड्याळ ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले. पडल्याची सूचना देणारी सोय पुढे येईल असे तेव्हा सांगण्यात आले, आणि ती २०२३ च्या आरंभी आली. प्राणवायू मोजणारा भाग तर घड्याळाच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता. तो कित्येक महिने निजवून ठेवलेला होता. दुसरी तऱ्हा सीमेची. सोय एका देशात चालू, दुसऱ्या देशात बंद. ॲपलच्या घड्याळातील हृदयाचा आलेख काढण्याची सोय २०१८ च्या सप्टेंबरात जाहीर झाली, अमेरिकेत ती डिसेंबरात सुरू झाली, आणि भारतातील ग्राहकाला आणखी काही महिने थांबावे लागले. या विलंबामागे सरकारी परवानगीचे रास्त कारण असते, हे आम्ही नाकारत नाही. परंतु ते कारण चित्राच्या शेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत का छापू नये?

तिसरी तऱ्हा दिलेले परत घेण्याची. जानेवारी २०२४ मध्ये मॅसिमो या कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादामुळे अमेरिकेत नव्याने विकल्या जाणाऱ्या ॲपलच्या घड्याळांतून प्राणवायू मोजण्याची सोय काढून टाकावी लागली. ती वेगळ्या रूपात परतली ऑगस्ट २०२५ मध्ये. फिटबिट या नामांकित पट्ट्यावर मित्रमंडळींनी एकमेकांशी चालण्याची पैज लावण्याची सोय होती. अनेकांनी तिच्याच आवडीने पट्टा घेतला होता. मार्च २०२३ मध्ये ती सर्वांसाठी एकदम बंद झाली. पट्टा मनगटावर तसाच राहिला. ज्यासाठी घेतला ते मात्र गेले. पूर्वी विकलेली वस्तू दुकानदाराच्या हातून कायमची सुटत असे. आता ती विकल्यानंतरही त्याच्या दोरीला बांधलेली राहते, आणि दोरी केव्हा ओढायची ते तोच ठरवतो.

आणि चौथी तऱ्हा सर्वांत धोक्याची: सोय नसते, पण आकडा असतो. पट्टा त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ते प्रमाण कमीजास्त होते आणि त्यावरून ठोके मोजले जातात. हे शास्त्र खरे आहे. तथापि पट्टा सैल असला, हात हलता असला, त्वचा गार पडली, तर हिशेब चुकतो. रुग्णालयात बोटाला लावण्याच्या यंत्राचीही गोष्ट फार वेगळी नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की कृष्णवर्णीय रुग्णांच्या रक्तातील प्राणवायूची घट त्या यंत्राच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट होते. रुग्णालयातील यंत्राची ही अवस्था, तर हजार-दोन हजारांच्या पट्ट्याने नाडीबरोबर रक्तदाब आणि साखरही सांगावी, हे कितपत विश्वसनीय? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी इशारा दिला की, त्वचेला सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारे कोणतेही घड्याळ वा अंगठी वापरू नये. अशा एकाही स्वतंत्र उपकरणाला त्यांनी मान्यता दिलेली नव्हती. ज्याला त्या आकड्यावर इन्सुलिनची मात्रा ठरवायची आहे, त्याच्यासाठी ही चैनीची वस्तू उरत नाही. तो जीवनमरणाचा प्रश्न होतो.

आमचे म्हणणे एवढेच की, ही फसवणूक धान्याच्या खोट्या मापाहून वाईट आहे. वाण्याने शेरभर ज्वारी कमी घातली तर घरी आल्यावर दुसऱ्या मापाने ती ताडून पाहता येते. त्याच्या वजनावर सरकारचा शिक्का असतो आणि तो शिक्का वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. मनगटावरच्या मापाला दुसरे माप घरात नाही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला ते ताडून पाहायचे तर स्वतःचा देह गादीवर आपटावा लागतो. गिऱ्हाइकाला जिथे पडताळा घेता येत नाही, नेमक्या त्याच जागी विक्रेत्याच्या शब्दाला पूर्ण वजन असले पाहिजे. तिथेच तो शब्द हलका केला जातो, हा या व्यवहारातील खरा अपराध आहे.

आकड्याच्या भोळ्या भक्तीला जुना इतिहास आहे. दररोज दहा हजार पावले चालावीत हा उपदेश आज वैद्यापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वजण करतात. तो आकडा मुळात एका जाहिरातीतून आला. जपानमधील यामासा या घड्याळ कंपनीने १९६५ साली पावले मोजणारे एक यंत्र विकावयास काढले आणि त्याचे नाव ठेवले 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. चालणे हितकारकच आहे. परंतु नाव आधी आले आणि शास्त्र मागाहून, हे विसरू नये.

याच्या उलट एक उदाहरण आमच्याच गावात आहे, आणि त्याचा आम्हांला अभिमान वाटतो. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस मलकापुरात चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना सुरू झाली आणि ती देशभर नावाजली गेली. प्रत्येक नळाला मीटर बसले. जितके पाणी तितके पैसे, आणि जास्त वापराला चढा दर, असा नियम झाला. आरंभी लोक कुरकुरले. मीटर म्हणजे लुबाडणूक, अशी आपल्याकडे समजूतच असते. परंतु तोटी सोडली की पाणी येते हे जेव्हा दिवसा आणि रात्री दिसू लागले, तेव्हा लोकांनी मीटरवरही विश्वास ठेवला. दिलेले वचन आणि मोजलेला आकडा एकमेकांशी जुळले म्हणजे सामान्य माणूस आनंदाने पैसे मोजतो. तो कंजूष नाही, तो आडमुठाही नाही. त्याला फक्त तोटीतून पाणी यायला हवे असते.

आता कायद्याकडे वळू. ग्राहक चळवळ ही महाराष्ट्राला परकी नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो आला १९८६ मध्ये. त्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर त्या ताऱ्यालाच हात घातला आहे: तळटीप मुख्य दाव्याला खोटे पाडणारी नसावी, महत्त्वाची माहिती लपवणारी नसावी, आणि दावा ज्या भाषेत व ज्या आकाराच्या अक्षरांत असेल त्याच भाषेत व अक्षरांत ती असावी. आपल्या दृष्टीने आणखी महत्त्वाचे म्हणजे, कंपनी दिल्लीची असो वा परदेशातील, ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. मलकापूरकराला साताऱ्याच्या पलीकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक मदतकेंद्राला फोन करता येतो. मोठ्या कंपन्यांनाही न्यायालयापुढे उत्तर द्यावे लागते: सदोष यंत्रांच्या परताव्याबाबत ग्राहकांना चुकीची माहिती दिल्याबद्दल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरात फिटबिटला एक कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला.

बाईंनी तक्रार स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली. आम्ही केवळ तारखा तपासल्या आणि खोक्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली. १९१५ वर नोंद झाली. सात आठवड्यांनी पूर्ण रक्कम परत आली. सोबतच्या पत्रात म्हटले होते की, ही रक्कम केवळ सद्भावनेपोटी देण्यात येत आहे. चित्र चुकीचे होते असा एक शब्दही त्यात नव्हता. तेच खोके, तेच चित्र आणि तोच तारा आजही महामार्गाकडेच्या दुकानात काचेमागे मांडलेला आहे. पैसे मिळाल्यावर मुलाने आईला तो विषय सोडून देण्यास सांगितले. बाई म्हणाल्या, "मला माझे पैसे मिळाले. पुढच्या बाईला काय मिळणार?" आणि त्यांनी दुसरे पत्र केंद्रीय प्राधिकरणास लिहावयास घेतले. त्याचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही.

बाईंचा हा प्रश्न आम्हांला केवळ कायद्याचा वाटत नाही. परमधर्मपीठाच्या सामाजिक संपर्क मंडळाने २२ फेब्रुवारी १९९७ रोजी जाहिरातीतील नीतिमत्तेवर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. जाहिरात ही स्वतः वाईट नाही असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु तिने सत्यता, मानवी व्यक्तीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी ही तीन तत्त्वे पाळली पाहिजेत, असा त्याचा आग्रह आहे. आपण पापनिवेदनाला येताना सातव्या आणि आठव्या आज्ञेचा वेगवेगळा विचार करतो: चोरी निराळी, खोटे बोलणे निराळे. या खोक्यावर त्या दोन्ही आज्ञा एकाच ओळीत मोडलेल्या आहेत. आणि ज्याच्या भीतीचा लाभ घेऊन त्या मोडल्या, तो आईपासून दूर असलेला एक मुलगा आहे. गरजेपोटी विकत घेणाऱ्याला फसवणे हे हौसेने विकत घेणाऱ्याला फसवण्याहून अधिक गंभीर आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या समाजाची एक सवय या बाबतीत आड येते. वस्तू फसवी निघाली की आपण "चालायचंच" म्हणून ती कपाटात टाकतो आणि यालाच सहनशीलता समजतो. क्षमा हा ख्रिस्ती माणसाचा धर्म आहे, यात शंका नाही. परंतु क्षमा आपल्यावरील अन्यायाची करायची असते. पुढच्या गिऱ्हाइकावर होणाऱ्या अन्यायाची क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तक्रारीचे एक पत्र लिहिणे हे शेजाऱ्यावरील प्रीतीचे कृत्य असू शकते.

बाईंच्या घरी आता पट्टा नाही. सकाळी सात वाजेपर्यंत त्यांच्या पडवीचे दार उघडले नाही तर समोरच्या घरातील सूनबाईंनी येऊन हाक मारायची, असे ठरले आहे. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. रात्री नऊला मुलाचा फोन येतो. अर्थात ही व्यवस्थाही परिपूर्ण नाही, आणि चांगला पट्टा मिळाला तर तो जरूर बांधावा. आम्ही यंत्राचे शत्रू नाही. आमची वाचकांना विनंती इतकीच की, घरातील वृद्धांसाठी असे यंत्र घेण्यापूर्वी खोके उलटे करून तळाचे अक्षर वाचावे, जी सोय हवी ती दुकानातच चालवून दाखवण्यास सांगावे, बिल जपून ठेवावे, रक्तदाब आणि साखर यांसाठी डॉक्टरांच्या यंत्राखेरीज अन्य कशावर विसंबू नये, आणि फसगत झालीच तर दोन वर्षांच्या आत साताऱ्याला पत्र टाकावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी रविवारी मिस्सेनंतर आमच्याकडे यावे. भिंग आम्ही टेबलावरच ठेवले आहे.